'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स': मूळ बीटल्सचं की जो कॉकरचं?

खर्ज

बीटल्सचं हे गाणं जो कॉकरने पुन्हा गायलं आणि मूळ गाणं पार खाऊन टाकलं, हे वाक्य या गाण्याच्या प्रत्येक चर्चेत येतंच. त्यावर एकदा सविस्तर लिहायचं होतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: कॉकरचं गायन थोर आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण मैत्रीचं गाणं म्हणून मला मूळ गाणंच वरचढ वाटतं. त्याचं कारण, ते कोणासाठी रचलं आणि कसं रेकॉर्ड झालं, यात आहे.

मार्च १९६७. 'सार्जंट पेपर्स' हा अल्बम संपत आला होता. शक्यतो प्रत्येक अल्बममध्ये एखादं गाणं रिंगो स्टारला द्यायचं, अशी बीटल्सची रीत होती. रिंगो ड्रमर. आवाज भरीव, प्रेमळ, पण पल्ला लहान. बँडमधले लेनन आणि मॅकार्टनी त्याच्यासाठी गाणं लिहायला बसले तेव्हा त्यांचे चरित्रकार हंटर डेव्हिस समोर होते आणि १९६८ साली आलेल्या चरित्रात त्यांनी ते सगळं टिपलंय. शब्द अडले की दोघं भलतंच काहीतरी वाजवत बसायचे, मग पुन्हा त्याच ओळीवर यायचे.

आता चाल बघा. कडवी सा ते प एवढ्याच टापूत फिरतात. पाच सूर, बस्स. ज्याला वरची पट्टी जड जाते त्याला कुठेही उघडं पडू द्यायचं नाही, अशी ती चाल आहे. आणि शब्द काय आहेत? मी बेसूर गायलो तर तुम्ही काय म्हणाल, उठून निघून जाल का? म्हणजे ज्याला आपल्या आवाजाची धास्ती आहे, त्याच्याच तोंडी ती धास्ती घातली आणि चाल अशी दिली की तो बेसूर होऊच नये. ही काळजी मला त्या गाण्यातल्या सगळ्या शब्दांपेक्षा मोठी वाटते.

दुसरी ओळ आधी वेगळी होती. बेसूर गायलो तर मला टोमॅटो फेकून माराल का, असं काहीसं. रिंगोने ती गायला साफ नकार दिला. बीटल्सच्या कार्यक्रमांत प्रेक्षक त्यांच्यावर जेली बेबीज नावाच्या गोळ्या फेकायचे. ही ओळ ऐकून पुढे आयुष्यभर टोमॅटो अंगावर येतील, हे त्याला दिसत होतं. ओळ बदलली.

शेवटी मात्र त्यांनी त्याला सूट दिली नाही. गाण्याच्या अखेरीला तार षड्ज आहे, तोही लांबवलेला. त्यांचा ध्वनिमुद्रक जेफ एमरिक याने आठवणींत लिहिलंय की रात्रभर वाद्यांचं काम करून पहाटे सगळे थकले होते, रिंगो घरी निघाला होता, आणि मॅकार्टनीने त्याला तसाच मागे बोलावून गायला उभं केलं. बाकीचे तिघे त्याच्या भोवती उभे राहिले, त्याला धीर देत. तो शेवटचा सूर रिंगोने लावला. हेडफोन लावून ऐका, त्यात किंचित ताण आहे. आणि त्याखाली लेनन-मॅकार्टनीचे आवाज येऊन तो सूर उचलून धरतात. मित्रांच्या मदतीने निभावतो असं म्हणणारा गायक तिथे खरोखरच मित्रांच्या मदतीने निभावून नेतोय.

आणखी एक. मूळ गाण्यात सवाल-जवाब आहेत. एकटं राहायची चिंता वाटते का, कोणी हवंय का, हे मित्र विचारतात आणि रिंगो उत्तर देतो. काही सरळ, काही मिश्कील. गप्पा मारत बसल्यासारखं.

आता कॉकर. शेफील्डचा, गॅस फिटरची उमेदवारी केलेला तरुण. त्याचं रेकॉर्डिंग १९६८ चं, आणि त्या नोव्हेंबरमध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. निर्माता डेनी कॉर्डेल, गिटारवर जिमी पेज, ड्रम्सवर प्रोकॉल हॅरम या बँडचा बी. जे. विल्सन, मागे मॅडलिन बेल आणि रोझेटा हायटॉवर यांच्यासारख्या कसलेल्या गायिका. पावणेतीन मिनिटांचं गाणं पाच मिनिटांच्या वर गेलं. लय निम्म्यावर, ठेका वेगळा, सुरुवातीला ऑर्गनचे शांत सूर आणि मग सगळी वाद्यं एकदम अंगावर.

अंगावर काटा येतो, मान्य. पण ऐकून झाल्यावर मनात कॉकर राहतो, त्याचे मित्र राहत नाहीत. म्हणून माझा कौल मूळ गाण्याला. तुमचं मत लिहा, आणि कानाला काय जाणवलं ते नेमकं लिहा.

धिनतिन

मस्त धागा. मी ठेक्यावरच बोलणार.

लोक म्हणतात की मूळ गाणं चार मात्रांचं आणि कॉकरने ते सहाचं केलं, म्हणजे केरव्याचा दादरा केला. ढोबळ मानाने बरोबर. पण मूळ गाणं नीट ऐकलं तर त्याच्या चार मात्रा सरळ नाहीत. प्रत्येक मात्रेच्या पोटात तीनचा झोल आहे. त्याला शफल म्हणतात. मात्रेचे तीन तुकडे, त्यातला पहिला आणि तिसरा वाजतो, मधला गिळला जातो. म्हणून ते गाणं चालताना थोडं डुलतं.

कॉकरच्या लोकांनी लय इतकी खाली आणली की पोटातले ते तीन तुकडे मोकळे झाले आणि स्वतंत्र मात्रा म्हणून ऐकू यायला लागले. नवा ठेका बाहेरून आणून चिकटवलेला नाही, मूळ गाण्यात तो दडलेला होताच. म्हणून इतका मोठा बदल करूनही ते कुठे ओढूनताणून केल्यासारखं वाटत नाही. मला वाटतं, चांगल्या कव्हरची, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्याने गाण्याची, हीच खूण: मूळ गाण्यात जे आधीच आहे पण कोणाच्या लक्षात आलेलं नाही, ते पुढे आणायचं.

आणि या लयीत ओळ संपल्यावर केवढी जागा उरते! रिंगोच्या गाण्यात ओळ संपते न संपते तोच पुढची येते. कॉकरकडे दोन ओळींच्या मध्ये विल्सनच्या ड्रम्सना बोलायला अख्खं आवर्तन मिळतं. त्याचे भरणे ऐका, दर वेळी वेगळे आणि दर वेळी थोडे उशिरा समेवर येणारे. मी तर ते गाणं अनेकदा फक्त ड्रम्ससाठी लावतो.

रानजाई

खर्ज, तुम्ही छान लिहिलंय, पण मी विरुद्ध बाजूची आणि ठामपणे.

मूळ गाण्यातल्या प्रश्नाला काही धोकाच नाही. बेसूर गायलो तर निघून जाल का, असं रिंगो विचारतो तेव्हा त्याचे तीन मित्र माइकपाशीच उभे आहेत. उत्तर सगळ्यांना आधीच माहीत आहे. गोड आहे, ऊब आहे, पण पणाला काहीच लागलेलं नाही. कॉकर तोच प्रश्न विचारतो तेव्हा मला खरंच माहीत नसतं की कोणी थांबणार आहे की नाही. त्यालाही माहीत नसावं असा त्याचा आवाज आहे. आणि एक बारीक बदल त्याने केलाय: मूळ ओळीत 'तुम्हाला काय वाटेल' असं आहे, तो 'तुम्ही काय कराल' असं गातो. मत विचारत नाही, थेट कृती विचारतो.

दुसरं म्हणजे, बीटल्सनी ते गाणं बँड म्हणून कधीच प्रेक्षकांपुढे गायलं नाही. त्यांचे दौरे ऑगस्ट १९६६ मध्ये संपले होते. गाण्याच्या सुरुवातीला बिली शिअर्सच्या (अल्बममध्ये रिंगोला दिलेल्या) नावाने जो जल्लोष ऐकू येतो, तो त्यांच्या आधीच्या हॉलिवूड बोलच्या कार्यक्रमांच्या टेपवरून घेतलाय. म्हणजे श्रोत्यांना विचारलेला प्रश्न, आणि श्रोते टेपवरचे.

कॉकरने तो प्रश्न १७ ऑगस्ट १९६९ रोजी वूडस्टॉकच्या संगीत महोत्सवात लाखो माणसांसमोर उभं राहून विचारला. ते चित्रण ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी आधी पाहा, मग मत द्या. जवळपास आठ मिनिटं. घामाने निथळलेला रंगीबेरंगी शर्ट, हात हवेत काहीतरी वाजवताहेत, बोटं आपोआप वळताहेत, डोळे मिटलेले. तिथे त्याच्याबरोबर त्या गायिका नव्हत्या. त्याच्या साथीच्या ग्रीस बँडचे हेन्री मॅककुलो आणि ॲलन स्पेनर हे गिटार आणि बास वाजवता वाजवताच खोट्या आवाजात, म्हणजे एकदम वरच्या पट्टीत, कोरस गातात. त्यांचे आवाज कुठे कुठे हलतात, ओरखडे येतात. कॉकर त्या आवाजांकडे पुन्हा पुन्हा येतो, ओळ अर्धी सोडतो, ते पूर्ण करतात. तुम्ही म्हणता मित्र ऐकू येत नाहीत. स्टुडिओच्या रेकॉर्डवर येत नसतील. वूडस्टॉकला स्पष्ट ऐकू येतात.

खर्ज

रानजाई, वूडस्टॉकचा मुद्दा जोरदार आहे. तिथला कोरस मलाही स्टुडिओतल्यापेक्षा जास्त भिडतो, आणि नेमका याच कारणासाठी: ते सफाईदार गायक नाहीत, ते त्याचे सोबती आहेत.

पण पणाला काही लागलेलं नाही, हे मला पटत नाही. मैत्री म्हणजे उत्तर आधीच माहीत असणं. प्रश्न विचारायचा तो गंमत म्हणून, कारण विचारता येतो म्हणून. ज्या माणसासमोर आपण बेसूर गाऊ शकतो तोच मित्र. कॉकरच्या गाण्यातला माणूस आधार मागतोय. त्याची तहान खरी आहे, पण तहान लागणं आणि जवळ पाणी असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रिंगोच्या गाण्यात पाणी आहे.

रानजाई

आणि मला वाटतं, उत्तर माहीत नसताना विचारायचं धाडस होतं तेव्हाच कळतं की मित्र आहे का. इथे आपलं जुळणार नाही, आणि ते ठीक आहे.

चौथी_तार

बास वाजवतो, म्हणून या गाण्याकडे माझं लक्ष खालून असतं.

मूळ गाण्यावरचा बास मॅकार्टनीने बाकीची वाद्यं झाल्यावर नंतर भरला. त्या अल्बमवर तो हे बऱ्याच गाण्यांत करत होता. त्यामुळे गायक कुठे थांबतो, कुठे श्वास घेतो, हे डोळ्यांसमोर ठेवून त्याला बास रचता आला. रिंगो एका सुरावर स्थिर असतो तेव्हा बास वर चढतो, रिंगो हलतो तेव्हा बास थांबतो. कडव्याच्या पाच सुरांच्या चालीत एकसुरीपणा येऊ नये, ही जबाबदारी बासने उचलली आहे. खर्ज, तुमच्या मुद्द्याला ही माझ्याकडून भर: चाल मित्रासाठी लहान ठेवली आणि तिच्यातली उरलेली हालचाल दुसऱ्या मित्राने खालून पुरवली.

ध्रुवपदाचे कॉर्ड्स पण पाहा. गाणं ई या पट्टीत. ध्रुवपद डी वर पडतं, मग ए, मग ई. म्हणजे आपल्या भाषेत कोमल निषादावरून मध्यमावर आणि मग षड्जावर. शुद्ध निषाद घेतला असता तर षड्जाकडे जायची घाई झाली असती. कोमल निषादाने ती घाई जाते, माणूस सैलावून षड्जावर येतो. 'निभावतो कसंतरी' या अर्थाला तो उतार इतका चपखल बसतो की तो दुसऱ्या कशाने बदलून बघा, गाणं कोसळेल.

धिनतिन, तुमचा शफलचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

मनमुक्त

मी या सगळ्यात नवीन. 'द वंडर इयर्स' ही मालिका बघत मोठा झालो, तिच्या शीर्षकाला कॉकरचं गाणं होतं. ते कव्हर आहे हे मला बरीच वर्षं माहीतच नव्हतं. पहिल्यांदा बीटल्सचं ऐकलं तेव्हा प्रामाणिकपणे वाटलं की कोणीतरी मूळ गाण्याची हलकीफुलकी नक्कल केलीय. आता हा धागा वाचून दोन्ही पुन्हा लावली. रिंगोचं आवडायला लागलंय, पण कानात आधी बसलेलं जात नाही. तुमच्यापैकी ज्यांनी मूळ आधी ऐकलं त्यांचंच मत मूळच्या बाजूने पडतंय का?

खर्ज

मनमुक्त, क्रमाचा परिणाम होतोच, नाकारत नाही. एक करून बघा. रिंगोचं गाणं सुटं लावू नका. अल्बमचं पहिलं गाणं लावा आणि मध्ये न थांबता पुढे जाऊ द्या. पहिल्या गाण्यात बँड मोठ्या थाटात बिली शिअर्स या गायकाची ओळख करून देतो, गिटार कडक, आवाज वरचे, प्रेक्षक बेभान. मग ऑर्गनवर तीन कॉर्ड चढत जातात, बिली शिअर्सचं नाव पुकारलं जातं, आणि एवढ्या डामडौलानंतर समोर येतो तो हा साधा, खालच्या पट्टीतला, थोडा संकोचलेला आवाज. त्या एका क्षणासाठी सगळा अल्बम मांडलाय असं मला वाटतं. गाणं सुटं ऐकलं की हे जातं, आणि तेव्हा ते हलकंफुलकं वाटू शकतं.

बीटल्सनी तेव्हा ते सिंगल म्हणून, म्हणजे एका गाण्याची सुटी रेकॉर्ड म्हणून, काढलंही नव्हतं. त्यामुळे सिंगल म्हणून ज्यांच्या कानावर पहिल्यांदा आलं, त्यांच्यासाठी कॉकरचंच मूळ, हे स्वाभाविक आहे.

स्वरदा

गाणं शिकवते, म्हणून आवाजाबद्दल.

दोघांनीही त्यांच्या आवाजाला जे जमतं तेच केलंय, आणि दोघांचंही कौतुक त्यासाठी. रिंगोचा आवाज मध्य सप्तकाच्या खालच्या भागात छान भरतो. शब्दोच्चार स्वच्छ, सूर सरळ लावलेला, हलवलेला नाही. शेवटच्या तार षड्जावर त्याला आवाज बदलावा लागतो, आणि तो बदल लपवलेला नाही. मला तो सूर फार आवडतो, कारण पूर्ण गाणंभर तो तिथे गेलेलाच नसतो. एकदाच जातो आणि तिथेच गाणं संपतं.

कॉकर उलट. तो वरच राहतो. त्याच्या आवाजातली खरखर ही थकव्याची नाही, त्याने ती वापरलीय. शेवटच्या ध्रुवपदाआधीची ती प्रसिद्ध किंकाळी आठवा. लोक तिला ओरडणं म्हणतात, पण ती सुरात आहे आणि तिच्यामागे छातीभर श्वास आहे. किंकाळीच्या आधी तो किती हळू, जवळजवळ बोलल्यासारखा गातो, ते ऐका. आधी आवाज कमी केला नसता तर नंतरचं इतकं चढलं नसतं.

इथे एक कळकळीची विनंती. मुलं ही किंकाळी घरी करून बघतात आणि घसा धरून येतात. तो खरखरीत आवाज घशाने काढायचा नसतो. आधार पोटाचा असतो आणि घसा मोकळा असतो. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी आधी रिंगोचं गाणं नीट सुरात म्हणावं. पाच सुरांत ओळ रंगवता आली की मग वर जावं. विद्यार्थ्यांना मी हेच गाणं आधी देते, आणि ते दिसतं तेवढं सोपं नाही. कमी सुरांत कंटाळवाणं न होणं फार अवघड.

धिनतिन

स्वरदाताई, शेवटचं वाक्य तालालाही लागू आहे. रिंगोचे ड्रम्स या गाण्यात अगदी मोजके आहेत आणि लोक त्याला साधे समजून सोडून देतात. स्वतःच्या गाण्यात ड्रमर असून त्याने स्वतःला पुढे केलेलं नाही.

कावेरी

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. मैत्रीच्याच आणखी एका गाण्याची जोडी इथे यायला हवी: कॅरोल किंगचं 'यू हॅव गॉट अ फ्रेंड' आणि जेम्स टेलरने गायलेलं तेच गाणं. दोन्ही १९७१ ची. किंगचं 'टॅपेस्ट्री' अल्बमवर, पियानोच्या आधाराने. टेलरचं गिटारवर, आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं ते टेलरचं. गंमत म्हणजे किंगच्या रेकॉर्डवर गिटार टेलरने वाजवलीय. आणि टेलरच्या रेकॉर्डवर मागे जोनी मिचेलचा आवाज आहे. पुढच्या ग्रॅमीत गाण्याचा पुरस्कार किंगला आणि गायनाचा टेलरला मिळाला.

मला ही जोडी या चर्चेत महत्त्वाची वाटते, कारण इथे कव्हर करणाऱ्याने काहीच उलथवलं नाही. लय जवळपास तीच, भाव तोच. किंग गाते तेव्हा वचन देणारी व्यक्ती थोडी मोठी वाटते, हाक मारलीस की येईन, असं ठामपणे सांगणारी. टेलर गातो तेव्हा तेच वचन समवयस्क मित्राने हळू आवाजात दिल्यासारखं वाटतं. एवढाच फरक, पण तो जाणवतो. प्रत्येक चांगल्या कव्हरने मूळ गाणं मोडायलाच हवं, असा जो एक सूर चर्चांत असतो, तो मला मान्य नाही. गाणं मित्राकडून मित्राकडे दिलं गेलं की ते असंही ऐकू येतं.

रानजाई

कावेरी, ही जोडी माझ्याही डोक्यात होती. टेलरचं मला किंगच्या गाण्यापेक्षा थोडं झोपाळू वाटतं, पण मिचेलचा आवाज शेवटाकडे येतो तिथे जागी होते.

जुनी_टेप

माहितीत भर घालतो. 'विथ अ लिटल हेल्प' ब्रिटनमध्ये तीन वेगवेगळ्या कव्हरच्या रूपात पहिल्या क्रमांकावर गेलं. १९६८ साली कॉकर, १९८८ साली वेट वेट वेट या बँडने चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतसेवेकरता केलेलं, आणि २००४ साली सॅम अँड मार्क. १९८८ आणि २००४ च्या रेकॉर्ड्सबद्दल आज कोणी धागा काढत नाही. लोकप्रियता तिघांना मिळाली, पण नवं म्हणणं फक्त एकाकडे होतं.

शिवाय, मूळ रचनाकारांना कॉकरचं मनापासून आवडलं होतं, हेही नोंदवलं पाहिजे. कॉकरच्या पुढच्या अल्बमसाठी बीटल्सची आणखी दोन गाणी त्याला गाऊ दिली गेली, मॅकार्टनीचं 'शी केम इन थ्रू द बाथरूम विंडो' आणि जॉर्ज हॅरिसनचं 'समथिंग'. डिसेंबर २०१४ मध्ये कॉकर गेला तेव्हा मॅकार्टनीने म्हटलं होतं की त्याने त्या गाण्याचं एक सोल अँथम करून टाकलं आणि त्याबद्दल आपण कायम ऋणी राहू. ज्यांनी गाणं लिहिलं त्यांना दोन्हींत भांडण दिसत नव्हतं.

खर्ज

जुनी_टेप, आभार. भांडण मलाही लावायचं नाही. पण 'आवडलं' एवढ्यावर थांबलो तर कशामुळे आवडलं ते हाती लागत नाही. धिनतिन यांचा शफलचा मुद्दा आणि चौथी_तार यांचा कोमल निषाद, या दोन गोष्टी मला आजवर कोणी इतक्या नेमक्या दाखवल्या नव्हत्या.

रानजाई यांच्या एका मुद्द्याला मात्र उत्तर द्यायचं राहिलंय. बीटल्सनी ते गाणं प्रेक्षकांपुढे गायलं नाही, हे खरं. पण रिंगोने गायलं, आणि गातच राहिला. १९८९ साली त्याने ऑल-स्टार बँड काढला तेव्हापासून त्याच्या कार्यक्रमांची सांगता याच गाण्याने होत आलीय. तिथे प्रेक्षक टेपवरचे नसतात, तेच कोरस गातात. आणि ४ एप्रिल २००९ रोजी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये, डेव्हिड लिंच फाउंडेशनच्या कार्यक्रमात, मॅकार्टनीने बिली शिअर्स म्हणून त्याचं नाव पुकारून त्याला मंचावर बोलावलं आणि दोघांनी एका माइकवर ते म्हटलं. उरलेले दोघे नव्हते. प्रश्न विचारायला आता एकच मित्र. तुम्ही म्हणता पणाला काही लागलेलं नाही. त्या दिवशीचं ऐकून सांगा.

मनमुक्त

हे आत्ताच शोधून पाहिलं. रिंगो सत्तरीला टेकलेला, आणि शेवटच्या वरच्या सुराला मॅकार्टनी त्याच्याकडे बघत बाजूला उभा आहे. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलेल्या पहाटेची आठवण झाली.

चौथी_तार

त्यात मॅकार्टनी बास वाजवतानाही बघा. अजूनही तेच, रिंगो थांबला की हा हलतो.

रानजाई

मी ते पाहिलेलं नाही. रात्री शांतपणे पाहते आणि उद्या इथेच लिहिते. पण त्याआधी खर्ज, तुम्हीही एक करा. वूडस्टॉकचं चित्रण पुन्हा लावा, आणि या वेळी कॉकरकडे बघू नका. फक्त मॅककुलो आणि स्पेनरकडे बघा, ते त्याच्याकडे कधी बघतात आणि कोणत्या ओळीला बघतात. मग सांगा की त्या गाण्यात त्याचे मित्र राहतात की नाही.